उभ्या स्कूटरचं इंजिन

पाण्यावर उभं राहून चालवायच्या स्कूटरचं काम माझ्याकडे एकदाच आलं. बाकी जन्मभर मी पंप, फवारणीची यंत्रं, मोपेड, रिक्षा असलीच इंजिनं उघडली. पण कोणी भेटलं की त्या स्कूटरचंच विचारतात आणि मी अर्धवट सांगून सुटते. आता लिहायला बसलेच आहे तर सगळं लिहून टाकते, म्हणजे पुन्हा सांगायला नको.

चौकला जुन्या हायवेवर आमचं गॅरेज होतं. नवऱ्याचं. लग्न झाल्यावर मी तिथे जेवणाचा डबा घेऊन जायची. मग बसल्या बसल्या रॉकेलमध्ये पार्ट धुवायला लागले. धुता धुता कुठला पार्ट कुठून निघतो आणि परत कुठे जातो ते कळत गेलं. पुढे नवऱ्याच्या पाठीने दगा दिला, तेव्हापासून तो खुर्चीत आणि माझ्या हातात पाना. गिऱ्हाइकं आधी त्याच्याशी बोलायची, तो माझ्याकडे बोट दाखवायचा. तो गेल्यावर बोट दाखवायला कोणी राहिलं नाही, तेव्हा माझ्याशीच बोलायला लागली. शाळा माझी चौथीपर्यंत.

मला येतं ते टू-स्ट्रोक. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते, पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यायचं. पेट्रोल जळतं आणि जाता जाता तेल पिस्टनला लावून जातं. तेल कमी पडलं तर इंजिन जळतं, जास्त झालं तर धूर ओकतं. पार्ट थोडे, ताकद चांगली, पण रागीट. आता रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या फोर-स्ट्रोक. नवीन मुलांनी टू-स्ट्रोक कधी उघडलेलंच नाही. म्हणून कर्जतपासून खोपोलीपर्यंत जी काही जुनी इंजिनं उरली होती, ती फिरून फिरून माझ्याकडे यायची. मी फार चांगली होते म्हणून नाही, दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

या धंद्यात पहिली गोष्ट कळली ती ही, की इंजिन कशामुळे गेलं ते गिऱ्हाईक कधी सांगत नाही. "काय झालं?" विचारलं की एकच उत्तर. "काय नाय झालं, चालता चालता बंद पडलं." नेरळकडचा एक शेतकरी फवारणीचं यंत्र घेऊन आला होता. त्यालाही काही झालं नव्हतं. मी प्लग काढला तर भज्यांचा वास. त्याला म्हटलं, "कुठलं तेल घातलंस रं?" तर म्हणे, "तुमीच बोललात पेट्रोलमधे तेल टाक. घरात गोडं तेल होतं." त्याच्यावर रागवायची सोय नव्हती. मी तेल म्हटलं होतं, कुठलं ते म्हटलं नव्हतं. तेव्हापासून तेलाचा डबा हातात देऊनच पाठवायला लागले.

दुसरी गोष्ट, जुनं कशामुळे गेलं ते कळल्याशिवाय नवीन इंजिन निवडायचं नाही. नाहीतर नवीनही त्याच वाटेने जातं. आमच्यात इंजिन 'बसलं' म्हणजे जळून जाम झालं, आणि इंजिन 'बसवलं' म्हणजे दुसरं घातलं. बाहेरच्या माणसाचा गोंधळ होतो. आमचाही कधी कधी होतो, कारण एकानंतर दुसरं आलंच.

ती स्कूटर आली दिवाळी उलटल्यावर, टेंपोत गाद्या घालून. बरोबर शेठ. खालापूरच्या आतल्या बाजूला एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. ती पाण्याने भरली होती. या शेठने ती जागा घेऊन तिथे तंबू लावले, झाडं लावली, तळ्यात पायाने चालवायच्या बोटी सोडल्या. मुंबईची माणसं शनिवार-रविवारी येऊन राहतात. शेठ स्वतः मुंबईचा, मराठी माणूस, वाईट नाही. फक्त त्याला थांबता येत नाही.

टेंपोतून एक मुलगीही उतरली. सुरेखा. चोवीस-पंचवीसची असेल, अंगाने काटकुळी. तिचा बाप दामू त्या जागेचा राखणदार. कधी काळी तिथलीच त्यांची भाताची खाचरं होती. आता गेटाशेजारच्या खोलीत कुटुंब राहतं आणि दामू गवत कापतो, पंप चालवतो, जनरेटर बघतो. तो गवत कापायचं यंत्र घेऊन माझ्याकडे यायचा, मला आक्का म्हणायचा. मुलगी मी पहिल्यांदा बघत होते.

स्कूटर म्हणजे काय ते सांगते. बसायच्या असतात त्या सगळ्यांनी बघितल्या असतील. ही उभी. होडीसारखा छोटा सांगाडा, पुढे एक लांब दांडा वर-खाली होणारा, त्याला हँडल. माणूस मागे उभा राहतो. पोटात इंजिन, मागे पंखा, पंखा पाणी मागे फेकतो आणि ती पुढे जाते. पडलं की पाण्यातून हँडल धरून, पोटावर, मग गुडघ्यावर, मग पायावर यायचं. अवघड काम आहे. शेठने हौसेने गोव्याहून जुनी आणली होती, पण त्याला स्वतःला दोन क्षणसुद्धा उभं राहता येईना. पाहुण्यांनाही येईना. आली ती सुरेखाला. बोटी ओढायला शेठने तिला ठेवली होती, तिने संध्याकाळी गिऱ्हाइकं गेल्यावर पडून पडून शिकून घेतली. मग शेठने तिचे रविवारी खेळ ठेवले. ती तळ्यात वळणं घ्यायची, उड्या मारायची, पाहुणे काठावर मोबाईल धरून. त्याआधी ती खोपोलीला कारखान्यात पॅकिंगला जायची. ते सोडून आली होती.

"मावशी, इंजिन जळलंय," शेठ म्हणाला. "हिने फुल रेस देऊन जाळलं. पाहुण्यांच्या समोर मधोमध बंद पडली."

मी मुलीकडे बघितलं. ती टेंपोच्या फाळक्याकडे बघत होती.

"काय झालं गं?"

"काय नाय. चालता चालता बंद पडली."

सगळेच असं म्हणतात.

शेठने टेंपोतून दुसरं धूड उतरवायला सांगितलं. मोठं इंजिन. बसायच्या स्कूटरमधून काढलेलं, मुंबईहून भंगारातून घेतलेलं, पण चांगलं होतं. जुनं साडेपाचशे सीसीचं, हे साडेसातशेचं. म्हणाला, "छोटं टिकत नाही. हे घाला. नवीन वर्षाला गर्दी असते, त्याच्या आत पाहिजे. नाही जमलं तर सरळ सांगा, मी ही विकतो आणि आणखी दोन पायाच्या बोटी घेतो. बोटींना चालवायला कोणी लागत नाही."

कोणी म्हणजे कोण ते त्याने सांगितलं नाही. मुलीला कळलं, मलाही कळलं.

समोरच्या गॅरेजचा इक्बाल येऊन बघायला लागला. त्याला दुसऱ्याचं काम बघितल्याशिवाय राहवत नाही. म्हणाला, "मौसी, छोड़ो ना. मोटारसायकलचं इंजिन टाका. पार्ट कुठेपण भेटतो." चौकमधल्या आणखी चार जणांनीही मला हेच सांगितलं. दिसायला सोपं आहे. पण मोटारसायकलचं इंजिन वाऱ्याने गार होतं. बंद पेटीत वारा कुठून येणार. शिवाय त्याला गिअर, आणि ते फिरतं ज्या बाजूला त्या बाजूला हा पंखा फिरेलच असं नाही. उलटा फिरला तर स्कूटर मागे जाईल. इक्बालला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "तो फिर रिव्हर्स का खेळ दिखाना." शेठला हसू आलं नाही.

म्हणजे दोन रस्ते राहिले. एक, शेठचं मोठं इंजिन. दुसरा, जुनंच खोपोलीला लेथवर नेऊन, सिलिंडर घासून मोठं करून, एक माप मोठे पिस्टन घालून उभं करायचं. मोठ्याने ताकद येते, पण वजन पुढे वाढतं. बसायच्या स्कूटरला वजन चालतं, तिचं धूड मोठं असतं. उभ्या स्कूटरमध्ये चालवणाऱ्याचं अंगच अर्धी गाडी असतं. ती वळते ती हँडलने कमी आणि माणसाच्या कमरेने जास्त. म्हणून माणूस किती वजनाचा ते आधी बघावं लागतं. सुरेखा भिजली तरी पन्नास किलो भरली नसती.

सगळे गेल्यावर मी जुनं उघडलं. मुलगी थांबली होती, मदत करते म्हणाली. हेड काढलं, सिलिंडर वर ओढला. पिस्टनवर चारी बाजूंनी ओरखडे. फुल रेसने किंवा तेल कमी पडून जळतं ते सहसा एका बाजूने जास्त जळतं, धूर जातो त्या बाजूने. हे सगळीकडून फुगून घासलेलं. मग धुराची रबरी नळी काढली, तर ती आतून करपून कडक झालेली. या इंजिनाला स्वतःचं पाणी नसतं. तळ्यातलंच पाणी ओढलं जातं, इंजिनाभोवती आणि त्या नळीतून फिरतं आणि परत तळ्यात जातं. तळ्यात असताना ती नळी करपायचं कारण नाही. आणि नळी कोरड्यात जळली, तर इंजिनही कोरड्यातच जळलं.

मग बॅटरी मारून स्कूटरच्या पोटात बघितलं. तळाशी ग्रीसमध्ये झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या आणि कुंकवातले तांदूळ.

"दसऱ्याला पूजेत चालू ठेवली होती का गं?"

ती रॉकेलच्या डब्यात बोल्ट घोळत राहिली. मग म्हणाली, "तुमी शेठला सांगू नका."

"किती वेळ?"

"आरती होईस्तोवर."

"कुठली आरती?"

"सगळ्या," ती म्हणाली. "शेठच्या आईनं गणपतीपासून धरल्या. मग देवीची झाली, शंकराची झाली. एक कुठली ती त्यांनी मोबाईलमधे बघून म्हटली."

आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा असते. माझ्या गॅरेजातही व्हायची. पान्यांना हळद-कुंकू, गाड्यांना झेंडूची माळ, नारळ फोडला की इंजिन चालू करायचं आणि पूजा होईपर्यंत चालू ठेवायचं. पूजेत यंत्र बंद पडलं तर वर्ष वाईट जातं म्हणतात. दामू दर वर्षी करायचा. गवताचं यंत्र चालू, पंप चालू, जनरेटर चालू. त्याच रांगेत त्याने ही काठावर आणून ठेवली, माळ घातली आणि बटण दाबलं. बाकीची यंत्रं जमिनीवरचीच. त्यांना काही झालं नाही.

"मधेच बंद पडली आपोआप," सुरेखा म्हणाली. "बाबाला वाटलं पेट्रोल संपलं. शेठच्या आई बोलल्या, अपशकुन झाला. मग बाबानं परत चालू केली. परत बंद पडली."

"आणि रविवारी तू पाण्यात नेलीस."

"आवाज येगळाच येत होता. पण पाव्हणे बसले होते."

"मग शेठला सांग ना, तुझ्या हातून नाही झालं."

"बाबाकडून मागच्या पावसात पंप जळला हाय. तेवा शेठ बोलला, अजून एक वस्तू गेली तर खोली खाली करायची. आई हाय, म्हातारी आजी हाय, आमी जायचं कुठं? माझी नोकरी गेली तर मी परत खोपोलीला जाईन."

"बापाला माहीत आहे?"

"नाय. त्याला अजून पेट्रोलच वाटतंय."

मी पिस्टन फडक्यात गुंडाळून ठेवले. माझं काम इंजिनाचं. कोणाच्या घरात कोण काय लपवतो त्याच्याशी मला घेणंदेणं नसायचं, आणि तेच बरं असतं. पण इथे इंजिन निवडायचं होतं आणि निवड त्या लपवण्यातच अडकली होती. शेठला वाटत होतं की लहान इंजिन कमजोर म्हणून गेलं. खरं कळलं तर तो लहानच ठेवेल, पोरीला झेपेल असं, पण बापावर येईल. खरं नाही कळलं तर तो मोठं घालेल आणि ते पोरीच्या अंगावर येईल.

मी मधला रस्ता काढला. मिस्त्री लोक काढतात तोच. शेठला फोन करून सांगितलं, "मोठं इंजिन बसत नाही. खालची भोकं जुळत नाहीत."

हे खोटं नव्हतं. भोकं खरंच जुळत नव्हती.

शेठ दुसऱ्याच दिवशी आला. खुर्चीवर बसायच्या आधी मोबाईल काढला. त्यात एक गोरा माणूस हेच इंजिन असल्याच सांगाड्यात बसवत होता. मध्ये एक जाड पट्टी घालून, तिला नवीन भोकं पाडून. शेवटी अंगठा दाखवून हसला.

"पट्टीची मापंही दिली आहेत," शेठ म्हणाला. "पाठवू का?"

माझं वय झालं ते मला त्या दिवशी कळलं. पूर्वी मिस्त्री 'बसत नाही' म्हणाला की विषय संपायचा.

मग बसवलं. खोपोलीहून पट्टी करून आणली. पुढची मेहनत बाहेरच्याला दिसत नाही, पण खरी मेहनत तीच. इंजिनाचं तोंड आणि पंख्याच्या दांड्याचं तोंड एका रेषेत यावं लागतं. केसभर इकडे-तिकडे झालं तरी मधलं रबर चावून निघतं. दोन्ही तोंडांवर मापाची पट्टी धरायची, फटीतून उजेड येतो का बघायचं, इंजिनाखाली पत्र्याचं पॅकिंग सारायचं, आवळायचं, परत बघायचं. वाकून वाकून माझी कंबर गेली. डोळ्यांना उजेड दिसत होता की पाणी, तेही कळेना. सुरेखा पट्टी धरायला यायची. आम्ही त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. मला बोलायचा कंटाळा आला होता आणि तिने बोलायचं ठेवलं नव्हतं.

चाचणीला मीही खाणीवर गेले. तीन बाजूंना कापलेला उभा दगड, एकाच बाजूने उतार. पाणी काळपट हिरवं. शेठची आई खुर्चीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. शेठ उतारावर, आणि दामू दोरी घेऊन पाण्याच्या कडेला.

आवाज भारी होता, ते कबूल करते. दगडावर आपटून परत येत होता. शेठचा चेहरा खुलला. सुरेखा गुडघ्यावर आली, उभी राहिली, सरळ गेली. सरळ जायला काही अडचण नव्हती. वळवायला गेली तशी स्कूटरने नाक पाण्यात खुपसलं आणि ती पुढे फेकली गेली. मनगटाला दोरी असते, माणूस पडलं की ती निघते आणि इंजिन बंद होतं. ती परत चढली. पुन्हा वळण, पुन्हा पडली. या वेळी पार पलीकडे, उभ्या दगडाखाली. आम्ही काठावरून बघत होतो. ती पोटावर यायची, पुढचं वजन कलंडायचं, ती घसरायची. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. नंतर ती चढायची थांबली आणि नुसती स्कूटरला धरून राहिली. तिथे दगडाला धरायला काही नाही.

दामू पायाची बोट घेऊन गेला. ती बोट सावकाश जाते. त्याचे गुडघे वर-खाली होताना दिसत होते आणि बोट जागची हलत नव्हती असं वाटत होतं. त्याने तिला ओढून बोटीत घेतलं आणि स्कूटर मागे बांधून आणली.

"सवय होईल," शेठ म्हणाला. "पहिलाच दिवस आहे."

"होईल," सुरेखा म्हणाली. तिचे दात वाजत होते. तिचे तळहात सोलले होते आणि ते तिने टॉवेलात धरले होते.

दामू स्कूटर उतारावर ओढत होता. मी त्याच्याजवळ गेले.

"दामू, हे मोठं इंजिन तुझ्या पूजेमुळे बसवावं लागलंय."

"म्हंजी?"

"दसऱ्याला बंद पडली तेव्हा पेट्रोल संपलं नव्हतं. हिला पाण्यातच चालू करायची असते. कोरड्यात ठेवलीस, जळली. पोरीने स्वतःवर घेतलंय."

तो दोरी हातात धरून उभा राहिला. "पेट्रोल नव्हतं संपलं?"

"नाही."

"मंग मी परत चालू केली ती?"

"तेव्हा आणखी जळली."

त्याने दोरी खाली ठेवली, नीट गुंडाळून ठेवली, आणि शेठकडे गेला. मी थांबवलं नाही. मला वाटलं होतं की त्याच्या कानावर घालावं, पुढच्या वर्षी तरी असं करणार नाही. तो लगेच जाईल असं वाटलं नव्हतं. की वाटलं होतं, कोण जाणे.

"शेठ, इंजिन पोरीनं नाय जाळलं. दसऱ्याला मी भायेर चालू ठिवली होती. पूजेला."

शेठ त्याच्याकडे वळला. "कोणी सांगितलं होतं चालू ठेवायला?"

शेठच्या आईचे हात शेंगांवर थांबले. तिनेच दामूला सांगितलं होतं, आरत्या होईपर्यंत बंद करू नकोस. सुरेखाने मला ते जुनं इंजिन उघडलं त्याच दिवशी सांगितलं होतं.

"कोनी नाय," दामू म्हणाला. "दरसाल मीच करतो."

म्हातारी पुन्हा शेंगा सोलायला लागली.

"आणि मला हे आत्ता सांगतोस?"

"मला आत्ताच कळलं."

शेठने सुरेखाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तो काही मूर्ख नव्हता. कोणाला कधीपासून ठाऊक होतं ते त्याला समजलं. तो तळ्यापर्यंत गेला आणि परत आला. मी म्हटलं ना, त्याला थांबता येत नाही.

"मावशी, जुनं नीट होईल?"

"होईल. क्रँक चांगला आहे, जळलंय ते वरचंच."

"मग हे काढा." आणि दामूला म्हणाला, "खोलीत राहा. पण यापुढे यंत्राला हात लावायचा नाही. पंप, जनरेटर, काहीच नाही. यंत्रांच्या शेडच्या किल्ल्या हिच्याकडे दे."

दामूच्या किल्ल्या कमरेच्या करगोट्याला बांधलेल्या असायच्या. त्याने सदरा वर केला आणि गाठ सोडायला लागला. गाठ ओली होती, सुटेना. सुरेखा पुढे झाली, तर त्याने हाताने तिला मागे केलं. आम्ही सगळे उभे होतो. शेवटी सुटली.

मोठं इंजिन काढलं. सगळं मोकळं केलं, परत सगळं रेषेत आणलं, जुन्या भोकांवर. सिलिंडर घासून आला, मुंबईहून पिस्टन आले. नवीन वर्षाच्या गर्दीच्या आत ती पाण्यात गेली. लहान इंजिनाचा आवाज साधा आहे, पातळ. पण सुरेखा वळली तेव्हा स्कूटर तिच्या कमरेबरोबर वळली, आणि पडली तेव्हा ती लगेच परत वर आली. शेठने टाळ्या वाजवल्या. दामू गेटावर होता, तिथून तळं दिसत नाही.

ते काम मी करायला घेतलेलं शेवटचं मोठं काम. त्यानंतर बोटं आखडायला लागली, पाना धरवेना. गॅरेजची जागा आता एका टायरवाल्याकडे आहे. इंजिन मी बरोबर निवडलं होतं, याबद्दल मला शंका नाही. दामूच्या बाबतीत एवढं खात्रीने सांगता येत नाही. त्याला ओरडा बसेल आणि मिटेल असं मी धरलं होतं. ज्याच्या हातून सगळी यंत्रं चालत होती तो आता पाहुण्यांच्या गाड्यांना आत-बाहेर करायला हात दाखवतो. गवताचा विळाही शेडमध्ये, त्यालाही पोरीला विचारावं लागतं, म्हणून त्याने कापायचंच सोडलं. दुसरा माणूस येऊन कापतो.

टू-स्ट्रोकचं तेल मी अजून घरी ठेवते. ज्यांना चुकीचं मिळतं ते माझ्याकडे येतात. सुरेखाही येते. ती आता दोन मुलींना शिकवते, हाताला घट्टे पडले आहेत. गेल्या दसऱ्यानंतर आली तेव्हा मी विचारलं, "पूजा कशी केली गं यंदा? पाण्यात ठेवून करायची, सांगितलं होतं ना."

"मी तयारीत होते," ती म्हणाली. "किल्ली हातात घेऊन शेडपाशी उभी होते. बाबा ताट घेऊन आला. मला वाटलं, आता मागंल."

"मग?"

"नाय मागितली. कुलपालाच हळद-कुंकू लावलं, कडीत फूल अडकवलं. नारळ दारात फोडला नि गेला. माझ्याकडं बघितलं पण नाय."

"तू उघडून द्यायचंस."

"व्हय. तो मागंल याची मी वाट बघत राहिले." तिने किल्ल्या ओढणीच्या टोकाला बांधल्या, गाठ दोनदा ओढून बघितली आणि तेलाचा डबा घेऊन निघाली.